लेन्समधून दिसतच नाही, मग लेन्स निवडायची कशी?

रेंजफाइंडर कॅमेरा घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात मी एक अख्खा रोल लेन्सची टोपी न काढता मारला. प्रकाश मोजणारा मीटर नसलेला जुना कॅमेरा, त्यामुळे त्यानेही काही कुरकुर केली नाही. रोल धुऊन आला तर छत्तीसच्या छत्तीस घरं पाण्यासारखी स्वच्छ. तेव्हा लाज वाटली होती, आता नाही वाटत, कारण रेंजफाइंडर वापरतो आणि हे एकदाही केलेलं नाही असा माणूस मला अजून भेटलेला नाही. आणि लेन्सबद्दल पुढे जे काही कळलं त्याची सुरुवात त्या कोऱ्या रोलपासूनच झाली, कारण या कॅमेऱ्यात आपण लेन्समधून बघतच नाही हे तेव्हा पहिल्यांदा नीट डोक्यात शिरलं.

एसएलआरमध्ये आरसा असतो, लेन्समधून आलेलं चित्र तो वर पाठवतो आणि आपण तेच बघतो. मिररलेसमध्ये सेन्सर जे बघतो तेच स्क्रीनवर. रेंजफाइंडरमध्ये तसं काही नाही, बाजूला एक वेगळी खिडकी असते, त्यातून थेट समोरचं जग दिसतं, आणि मधोमध एक छोटा चौकोन असतो ज्यात दुसऱ्या खिडकीतून आलेलं चित्र पहिल्यावर पडलेलं दिसतं. लेन्सची रिंग फिरवली की लेन्सच्या मागच्या बाजूची कड कॅमेऱ्यातल्या एका बारीक चाकाला ढकलते, ते चाक ती दुसरी प्रतिमा सरकवतं, दोन्ही प्रतिमा एकमेकांवर बरोबर बसल्या की फोकस झाला असं समजायचं. "समजायचं" हा शब्द मुद्दाम वापरलाय. कॅमेऱ्याला खरा फोकस दिसत नाही, लेन्सने त्याला जे अंतर सांगितलं त्यावर तो विश्वास ठेवतो. लेन्स खोटं बोलली तर कॅमेराही खोटं बोलतो आणि आपल्याला कळतं ते थेट रोल धुतल्यावर.

फास्ट वाइड लेन्स निवडताना लोक रिव्ह्यू वाचतात, कोपरे किती शार्प आहेत ते झूम करून बघतात, आणि ही एक गोष्ट विसरतात. म्हणून मी इथे सगळं याच बाजूने सांगणार आहे.

आधी फास्ट म्हणजे काय ते पटकन संपवू. फास्ट म्हणजे जास्त प्रकाश आत घेणारी, लहान एफ नंबरची लेन्स. एफ नंबर म्हणजे फोकल लेंग्थ (लेन्सवर एमएममध्ये लिहिलेला आकडा) भागिले भोकाचा, म्हणजे अपर्चरचा, व्यास. ३५ एमएमची लेन्स एफ १.४ असेल तर भोक २५ मिलिमीटरचं, एफ २ असेल तर साडेसतरा मिलिमीटरचं. प्रकाश येतो तो भोकाच्या क्षेत्रफळावर, म्हणून एफ २ पेक्षा एफ १.४ मध्ये दुप्पट आणि एफ २.८ पेक्षा चौपट. संध्याकाळी घरात दिवे लागलेत, ४०० आयएसओची फिल्म आहे, तर साधारण एफ २ ला १/३० सेकंद मिळतो. एफ २.८ ची लेन्स असेल तर १/१५, एफ १.४ असेल तर १/६०. आता रेंजफाइंडरमध्ये आरसा आपटत नाही आणि वाइड लेन्सला हाताची थरथर कमी जाणवते, त्यामुळे १/१५ ला सुद्धा हात स्थिर ठेवता येतो, मी ठेवलाय, भिंत आणि खुर्ची एकदम कडक आली. खुर्चीवरचा माणूस मात्र हलला. फास्ट लेन्स कामाला येते ती इथे, आपला हात हलतो म्हणून नाही तर समोरचा माणूस जिवंत आहे म्हणून. बोलणारा, हसणारा, मान वळवणारा माणूस १/६० ला बऱ्यापैकी धरता येतो, १/१५ ला नशिबावर सोडावा लागतो.

तुमचे नव्वद टक्के फोटो दिवसा बाहेरचे असतील तर तुम्हाला फास्ट लेन्स लागत नाही. उलट अडचणच होईल. जुन्या मेकॅनिकल बॉडीचा सगळ्यात वेगवान शटर १/१००० असतो. भर उन्हात ४०० ची फिल्म घातली तर १/१००० ला एफ ११ येतो, तिथून एफ १.४ पर्यंत सहा स्टॉप, एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. म्हणजे उन्हात एफ १.४ उघडून मागचं धूसर करायचं स्वप्न असेल तर सहा स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश अडवणारी काळसर काच, लावून फिरा. डिजिटल बॉडीत १/४००० किंवा इलेक्ट्रॉनिक शटर असतो म्हणून तिथे चालून जातं, फिल्मवाल्यांनी आधी हा हिशोब करावा आणि मग पैसे काढावेत.

आता वाइड, म्हणजे रुंद कोन पकडणारी लेन्स. फुल फ्रेमवर (रोलच्या एका घराएवढ्या आकारावर) ३५ एमएम म्हणजे कर्णावर साधारण ६३ अंश, २८ म्हणजे ७५, २१ म्हणजे ९० च्या थोडं वर. ऐकायला ३५ आणि २८ मध्ये सात मिलिमीटरचा तर फरक, पण हातात घेतल्यावर दोन वेगळे स्वभाव आहेत. ३५ ने माणूस आणि त्याच्या आजूबाजूचं थोडं येतं, २८ ने आधी जागा येते आणि माणसासाठी आपल्याला दोन पावलं पुढे जावं लागतं. त्याच्याही पलीकडे २१ ला गेलं की फ्रेमच्या कडेला उभ्या माणसाचं डोकं ताणलेलं दिसतं, तो लेन्सचा दोष नाही, सपाट फिल्मवर एवढा मोठा कोन बसवायचा म्हणजे ते होणारच.

रेंजफाइंडर वाइड लेन्ससाठी चांगला असं सगळे म्हणतात, पण का ते फार कमी जण सांगतात. एसएलआरमध्ये लेन्स आणि फिल्मच्या मध्ये आरशाला हलायला जागा लागते. निकॉन एफ माउंटमध्ये (माउंट म्हणजे लेन्स बॉडीला जोडायची जागा) तिथून फिल्मपर्यंत ४६.५ मिलिमीटर आहेत, लायका कंपनीच्या रेंजफाइंडरच्या एम माउंटमध्ये फक्त २७.८. आता २८ एमएमच्या साध्या लेन्सला फिल्मच्या जवळ बसायचं असतं, आरशामुळे ते जमत नाही, मग डिझायनर पुढे मोठी काच लावून लेन्सला उलट्या दुर्बिणीसारखी करतात, त्याला रेट्रोफोकस म्हणतात. काचा वाढतात, वजन वाढतं, सरळ रेषा वाकायला लागतात. रेंजफाइंडरमध्ये आरसाच नाही, त्यामुळे मागची काच फिल्मच्या अगदी जवळ नेता येते आणि पुढचा भाग आणि मागचा भाग जवळपास आरशातल्या प्रतिबिंबासारखे ठेवता येतात. अशा सममित डिझाइनमध्ये पुढच्या अर्ध्याने केलेली रेषांची वाकडी चाल मागचा अर्धा आपोआप सरळ करतो. झाइस कंपनीच्या बायोगॉन लेन्स याच जातीच्या, लुडविग बर्टेले नावाच्या डिझायनरचं हे काम. इमारतींचे फोटो काढणाऱ्यांचा यांच्यावर जीव असतो तो उगाच नाही.

पण यात एक मेख आहे. मागची काच फिल्मच्या जवळ म्हणजे कोपऱ्यात जाणारे किरण तिरपे, खूप तिरपे. फिल्मला त्याचं फारसं काही वाटत नाही. डिजिटल सेन्सरला वाटतं, कारण सेन्सरचे पिक्सेल म्हणजे छोट्या छोट्या विहिरी, तिरपा प्रकाश काठावरच आपटतो, कोपरे काळवंडतात, कधी एका बाजूला गुलाबी किंवा हिरवट झाक येते. वर सेन्सरच्या पुढे जी काच असते ती जेवढी जाड तेवढे कोपरे फिसकटतात. लायकाच्या डिजिटल एम बॉडीत ही काच पातळ ठेवतात आणि कडेच्या मायक्रोलेन्स, म्हणजे पिक्सेलवरची बारीक भिंगं, थोड्या सरकवून बसवतात, आणि लेन्सच्या माउंटवरचे सहा ठिपक्यांचे कोड वाचून सॉफ्टवेअरने रंग सुधारतात. अ‍ॅडॅप्टर लावून तीच लेन्स दुसऱ्या कंपनीच्या मिररलेसवर टाकली की कोपरे वितळलेले दिसतात आणि माणूस लेन्सला शिव्या देतो. म्हणून पहिला प्रश्न हाच, फिल्मवर वापरणार की सेन्सरवर, आणि कुठल्या. फिल्मवर असाल तर जुनी सममित वाइड डोळे झाकून घ्या. सेन्सरवर असाल तर जरा नवं, सेन्सर डोक्यात ठेवून बनवलेलं डिझाइन बघा.

गंमत म्हणजे २०१४ मध्ये झाइसने एम माउंटसाठी ३५ एफ १.४ आणली ती डिस्टागॉन. डिस्टागॉन हे नाव ते रेट्रोफोकस डिझाइनला देतात. म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यासाठी मुद्दाम आरशावाल्यांची पद्धत वापरली, कारण किरण सरळ पडतात, सेन्सर खूश, एफ १.४ लाच कोपऱ्यापर्यंत शार्प. किंमत काय मोजली, तर वजन ३८० ग्रॅमच्या आसपास आणि लांबी. कोसिना कंपनी फोग्टलेंडर नावाने २००८ पासून जी नॉक्टन क्लासिक ३५ एफ १.४ बनवते ती साधारण २०० ग्रॅमची. दोघींचा एफ नंबर एकच, फोकल लेंग्थ एकच, आणि एक दुसरीच्या जवळपास दुप्पट वजनाची. आता तुम्ही म्हणाल १८० ग्रॅमने काय होतं. वजनाचं सोडा हो, खिडकीचं बघा.

व्ह्यूफाइंडर लेन्सच्या डावीकडे आणि वर असतो. लेन्स लांब किंवा जाड झाली की तिचं टोक व्ह्यूफाइंडरमध्ये उजव्या खालच्या कोपऱ्यात डोकं वर काढतं. छोट्या ३५ एफ २ मध्ये काही दिसत नाही. मोठी एफ १.४ किंवा एफ १.२ लावली, वर हूड, म्हणजे बाजूचा प्रकाश अडवणारी कड, लावलं, की फ्रेमचा एक चांगला तुकडा लेन्सच्या आड जातो. माझ्याकडे काही महिने अशी एक जाडजूड लेन्स होती, फोटो सुंदर यायचे, पण प्रत्येक फोटोत उजव्या खालच्या कोपऱ्यात काहीतरी अनाहूत असायचं, कोणाचा तरी पाय, एक पिशवी, अर्धा कुत्रा. मी ते बघितलेलंच नसायचं, कारण तिथे मला लेन्सची काळी कड दिसत होती. जुन्या हूडना खिडक्यांसारखी भोकं पाडलेली असतात ती फॅशन म्हणून नाही, त्यातून तो झाकलेला कोपरा थोडा तरी दिसावा म्हणून. ट्रायपॉडवर किंवा निवांत काढणाऱ्याला हे चालेल. रस्त्यावर झटकन फोटो काढणाऱ्याला नाही चालणार.

खिडकीचा दुसरा भाग म्हणजे फ्रेमलाइन. खिडकीत पांढऱ्या रेषांचे चौकोन दिसतात, लेन्स लावली की तिचा चौकोन आपोआप येतो. पण सगळ्या बॉडीत सगळे चौकोन नसतात. १९५४ च्या लायका एम३ मध्ये ५०, ९० आणि १३५ च आहेत, ३५ नाही. म्हणून त्या काळात एम३ साठी ३५ च्या लेन्सवर चष्म्यासारखी दोन भिंगं बसवून विकायचे, ती खिडक्यांच्या पुढे येतात आणि ५० चा चौकोन ३५ चा होतो. दिसायला विचित्र, पण काम करतात. सेकंडहँड घेताना अशी चष्मेवाली लेन्स स्वस्तात दिसली आणि तुमच्याकडे नंतरची एम बॉडी असली तर आधी हे समजून घ्या.

नंतरच्या एम बॉडीत नेहमीचा व्ह्यूफाइंडर ०.७२ पटीचा, म्हणजे जग थोडं लहान दिसतं आणि त्यात २८ पर्यंतचे चौकोन बसवलेले असतात. बसवलेले म्हणजे काय, २८ चा चौकोन जवळजवळ खिडकीच्या कडेला टेकलेला असतो. डोळा काचेला चिकटवला तर दिसतो. चष्मा असेल तर डोळा मागे राहतो आणि २८ ची चारही टोकं एकदम दिसतच नाहीत, डोळा डावीकडे-उजवीकडे फिरवून अंदाज घ्यावा लागतो. मी चष्मेवाला आहे, मला २८ आवडते आणि तरी मी मुख्य लेन्स म्हणून ३५ वापरतो, त्याचं कारण फोटोग्राफीचं नाही, चष्म्याच्या नंबरचं आहे. ०.५८ पटीची बॉडी असेल तर चष्म्यासकट २८ आरामात दिसते, ०.८५ वाल्यात २८ चा चौकोनच नाही. २४ किंवा २१ ला तर वरच्या शूमध्ये, म्हणजे फ्लॅश बसवायच्या खाचेत, वेगळा व्ह्यूफाइंडर लावायचा, म्हणजे एका खिडकीतून फोकस, दुसरीतून फ्रेम, आणि त्या वरच्या खिडकीला जवळच्या वस्तूसाठी चौकोन सरकवणं माहीत नसतं, कॅमेऱ्यातल्या फ्रेमलाइन ते आपोआप करतात. लायकाने २००८ मध्ये २१ आणि २४ दोन्ही एफ १.४ मध्ये काढल्या, कौतुकाच्या लेन्स आहेत, पण अंधारात पळत्या माणसाचा दोन खिडक्यांतून फोटो काढून बघा एकदा.

आता फोकस, आणि इथे मी जरा जास्त थांबणार आहे.

पहिला गैरसमज असा की एफ १.४ म्हणजे फोकस फार नाजूक. ५० ला ते खरं आहे, वाइडला तेवढं नाही. दोन मीटरवर उभा माणूस, ५० एफ १.४ ला साधारण १३-१४ सेंटिमीटरची जाडी फोकसमध्ये असते. ३५ एफ १.४ ला २७ च्या आसपास, २८ एफ १.४ ला ४० च्या पुढे. म्हणजे दोन मीटरवर वाइड लेन्स चुका पोटात घालते. अगदी जवळ, ०.७ मीटरला मात्र ३५ एफ १.४ ची जाडी साडेतीन सेंटिमीटरच्या आत येते, म्हणजे नाकाचा शेंडा आणि डोळा एकदम येणार नाही. आणि बहुतेक रेंजफाइंडर लेन्स तिथेच थांबतात, ०.७ मीटर, काही जुन्या एक मीटरवरच. लायकाच्या २०२२ च्या ३५ एफ १.४ ला ०.४ मीटरपर्यंत जाता येतं, पण ०.७ च्या आत रेंजफाइंडरची जोडणी सुटते, पुढचं डिजिटल बॉडीच्या स्क्रीनवरच बघून करायचं.

खरी डोकेदुखी वेगळी आहे, फोकस शिफ्ट. लेन्सच्या मधल्या भागातून जाणारे किरण आणि कडेच्या भागातून जाणारे किरण एकाच जागी भेटले पाहिजेत, पण फास्ट लेन्समध्ये कडेचे किरण थोडे आधी भेटतात. पूर्ण उघड्या अपर्चरला दोन्ही मिळून एक सरासरी जागा ठरते आणि लेन्सचं अंतर त्याप्रमाणे जुळवलेलं असतं. आता तुम्ही अपर्चर एफ २.८ केलं, कडेचे किरण कापले गेले, मधले उरले, आणि फोकसची जागा मागे सरकली. एसएलआरवाल्याचीही हीच पंचाईत होऊ शकते, मिररलेसवाल्याला अपर्चर बंद करून स्क्रीनवर दिसतं तरी. रेंजफाइंडरवाल्याला काहीच दिसत नाही. दोन्ही प्रतिमा चौकोनात छान एकावर एक बसलेल्या, कॅमेरा म्हणतोय बरोबर आहे, आणि लेन्स मनातल्या मनात हसतेय.

एक मित्र खिडकीजवळ बसून गिटारच्या तारा बदलत होता. मी एक मीटरवरून त्याच्या डोळ्यावर फोकस केला, म्हटलं एफ १.४ नको, सेफ राहू, एफ २.८ ला काढू. सात-आठ फ्रेम काढल्या. स्कॅन बघितले तर प्रत्येकात कान शार्प. कानावरचा एक एक केस मोजता येईल असा, आणि डोळा मऊ. एकात चुकला असता तर माझा हात म्हटलं असतं, सगळ्यांत कान म्हटल्यावर लेन्स. त्याच बैठकीतले एफ १.४ चे दोन फोटो होते, त्यात डोळा बरोबर. सेफ राहायला गेलो आणि तिथेच फसलो.

तपासायची पद्धत सोपी आहे. टेबलावर एक मोजपट्टी कॅमेऱ्याकडे तिरपी ठेवायची, मधल्या एका आकड्याशेजारी जाड रेषेचं कार्ड उभं करायचं, कॅमेरा ट्रायपॉडवर साधारण एक मीटरवर, आणि कार्डाच्या रेषेवर फोकस करून मग रिंगला हात न लावता एफ १.४, २, २.८, ४, ५.६ असे एकेक फोटो काढायचे. मग पट्टीवर कुठला आकडा सगळ्यात कडक आलाय ते बघायचं. एफ १.४ ला कार्डाशेजारचा आकडा आणि २.८ ला त्याच्या दोन-तीन सेंटिमीटर मागचा आला तर शिफ्ट आहे. एफ ५.६ आणि पुढे फोकसची जाडीच एवढी वाढते की शिफ्ट त्यात लपून जाते. म्हणजे त्रास मधल्या पट्ट्यात, एफ २ ते एफ ४, आणि जवळच्या अंतरावर. रस्त्यावर तीन-चार मीटरवरून फोटो काढणाऱ्याला आयुष्यभर पत्ता लागणार नाही.

उपाय दोन. एक तर शिफ्ट माहीत असेल तर सवयीने भरून काढायचा, त्या स्टॉपला डोळ्यावर फोकस करून अंग किंचित मागे न्यायचं, मी हे करायला शिकलो आणि गंमत म्हणजे ते हातात बसतं. दुसरा उपाय पैशाचा, जिच्यात हे डिझाइनमध्येच सोडवलंय ती लेन्स घ्यायची. लायकाने २०१० मध्ये ३५ समिलक्समध्ये, म्हणजे त्यांच्या ३५ एफ १.४ मध्ये, मागचा काचांचा गट फोकसबरोबर वेगळा हलेल असा केला, त्याच्या आधीच्या आवृत्तीबद्दल याच शिफ्टची ओरड होती. नॉक्टन क्लासिक ३५ एफ १.४ ला शिफ्ट आहे हे सर्वश्रुत आहे, शिवाय सरळ रेषा थोड्या फुगतात, तरी लोक ती आनंदाने वापरतात, कारण ती छोटी आहे आणि खिडकीत येत नाही. मला वाटतं ते बरोबरच करतात.

कोपऱ्यांच्या अंधाराबद्दल लोक फार काळजी करतात, मी करत नाही. वाइड लेन्सचे कोपरे गडद होणं हे बरंचसं भूमितीमुळे आहे, प्रकाश कोपऱ्यात तिरपा पडतो आणि कोनाच्या कोसाइनच्या चौथ्या घाताने कमी होतो. साध्या सममित डिझाइनमध्ये ३५ च्या कोपऱ्यात मध्याच्या निम्मा प्रकाश, २१ च्या कोपऱ्यात पाव. हा भाग अपर्चर बंद करूनही जात नाही. त्याच्यावर उघड्या अपर्चरला लेन्सच्या नळीची स्वतःची सावली पडते, ती दोन स्टॉप बंद केलं की जाते. रात्रीच्या माणसांच्या फोटोत कोपरा गडद झाला तर उलट बरंच दिसतं.

कोमा मात्र बघा. कोपऱ्यातला दिव्याचा ठिपका ठिपका न राहता पंख पसरलेल्या पाखरासारखा दिसतो, त्याला कोमा म्हणतात, आणि फास्ट वाइड लेन्स रात्री रस्त्यावर काढली की दिवे असतातच. लायकाची पहिली ३५ एफ १.४ १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आली आणि साधारण त्याच सूत्रावर नव्वदच्या दशकापर्यंत बनत राहिली. पूर्ण उघडली की दिव्यांभोवती धुकं, कोपऱ्यात पाखरं, आणि एफ २.८ ला एकदम सरळमार्गी. काहींना ते धुकं हवं असतं आणि त्यासाठी ते भरपूर मोजतात. अ‍ॅस्फेरिकल काच, म्हणजे गोलाच्या तुकड्यासारखी नसलेली काच, आल्यावर हे बरंच आटोक्यात आलं. जुन्या जपानी लेन्सही याच शर्यतीतल्या, निकॉनने १९५६ मध्ये त्यांच्या रेंजफाइंडरसाठी ३५ एफ १.८ काढली, कॅननने १९५८ मध्ये स्क्रू माउंटमध्ये ३५ एफ १.५. कॅननची एका पातळ अ‍ॅडॅप्टरने एम बॉडीवर बसते आणि फोकसही जुळतो, निकॉनचा माउंट वेगळा, तिच्या नादाला लागू नका.

जुनी घेत असाल तर लेन्सच्या मागून टॉर्च मारून पुढून बघा. बारीक धूळ चालते. दुधासारखा पडदा दिसला तर हेझ, साफ होऊ शकतो पण प्रत्येक वेळी नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू म्हणजे बुरशी, त्याच्या वाटेला जाऊ नका. आणि रिंग फिरवताना मध्येच सैल-घट्ट लागतेय का ते बघा, कारण इथे अंतर सांगण्याचं काम ती यंत्रणाच करते. विकणारा म्हणेल फोकस परफेक्ट आहे, त्याच्या बॉडीवर असेलही. बॉडी आणि लेन्स दोघांची थोडी थोडी चूक एकाच दिशेला असली तर बेरीज होते, म्हणून आपल्या बॉडीवर, वर सांगितलेल्या पट्टीवर तपासल्याशिवाय व्यवहार पक्का करू नका.

मग घ्यायची कुठली. पहिलीच वाइड असेल तर ३५ एफ २. एफ १.४ पेक्षा फक्त एक स्टॉप कमी, आणि त्या एका स्टॉपच्या बदल्यात लेन्स सहसा लहान होते, खिडकी मोकळी राहते, शिफ्ट बहुतेक वेळा त्रास देण्याइतका नसतो. फिल्म ४०० वरून ८०० ला पुश केली, म्हणजे ८०० ची समजून वापरली आणि जास्त वेळ धुतली, तर तो स्टॉप परतही मिळतो, दाणे जरा मोठे येतात एवढंच. तुमचं खरंच अंधारात काम असेल, मैफली, घरातल्या संध्याकाळी, रात्रीचे रस्ते, तर ३५ एफ १.४, आणि छोटीच. एफ १.२ चं आकर्षण मी समजू शकतो, २००३ मध्ये फोग्टलेंडरची ३५ एफ १.२ आली तेव्हा मलाही हवी होती, पण ती पहिली आवृत्ती अर्ध्या किलोच्या जवळ होती. तिसरी बरीच लहान झालीय. चष्मा नसेल आणि माणसांच्या अगदी जवळ जायला भीत नसाल तर २८ एफ २ हा माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित पर्याय आहे, दिवसा एफ ८ ला साडेतीन मीटरच्या आसपास लावून ठेवली की पावणेदोन मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं फोकसमध्ये, दोन प्रतिमा जुळवायची भानगडच नाही, आणि संध्याकाळी तीच एफ २ ला उघडायची. २१ एफ १.४ ताऱ्यांचे फोटो काढणाऱ्यांनी कोमा तपासून घ्यावी, बाकीच्यांनी भाड्याने आणून दोन दिवस हौस भागवावी.

राहिली टोपी. तो कोरा रोल निघाल्यावर मी टोपी फेकून दिली आणि फिल्टर लावून उघड्या लेन्सने फिरायला लागलो, बऱ्याच जणांनी तोच सल्ला दिला होता. मग एका उन्हाळ्यात निगेटिव्हवर प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी एक काळा ठिपका यायला लागला. कॅमेरा उघडून शटरमागे टॉर्च धरला, तर कापडी पडद्यात सुईच्या टोकाएवढं भोक. एसएलआरमध्ये शटरच्या पुढे आरसा आडवा असतो, इथे काहीच नाही, लेन्स गळ्यात पूर्ण उघडी, अनंतावर फोकस केलेली, आणि सूर्य थेट कापडावर, लहानपणी भिंगाने कागद जाळायचो तसं. जेवढी फास्ट लेन्स तेवढं मोठं भिंग. आता मी फोटो झाला की अपर्चर एफ १६ ला आणि फोकस जवळच्या टोकाला आणून ठेवतो, म्हणजे सूर्य पडलाच तरी पसरट आणि मंद पडतो. आणि कडक उन्हात टोपी परत लावतो. ती मात्र चांगली लालभडक घेतलीय, कोणीतरी समोरून सांगतंच.